हाप्सालूची खाडी, फेब्रुवारी, चाळीस सेकंद

बिस्किटांचा जुना डबा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक.
लेन्स नाही, डोळा लावायला काच नाही.
भोकावर अंगठा ठेवायचा,
उचलायचा,
चाळीस आकडे मोजायचे,
पुन्हा ठेवायचा.
एवढाच माझा कॅमेरा.

त्या सकाळी उणे एकोणीस होतं.
बर्फ कुठे संपतो नि आभाळ कुठे लागतं
हे कावळ्यालाही ठरवता येईना;
तो मध्येच कुठेतरी बसला, नि उडाला.

धुतल्यावर निघालं ते करड्यावर करडं,
आणि उजवीकडे
काळसर, कडा नसलेलं काहीतरी.
मी ते दीड मीटर रुंद छापलं,
बंद पडलेल्या औषधाच्या दुकानात टांगलं,
खाली लिहिलं: खाडी, फेब्रुवारी.

लोक आले.
आर्ने गुरुजी म्हणाले, सील आहे, जखमी असावा.
रीगाहून आलेल्या जोडप्यात
तिला होडी दिसली,
त्याला पाठमोरा माणूस. 'आणि तो परत येत नाहीये,' म्हणाला.
ती गप्प झाली. मग दोघांनी कोट घातले.
कुणा समीक्षकाने लिहिलं, 'अनुपस्थितीचं वजन'.
ते मला इतकं आवडलं
की पुढच्या मुलाखतीत माझंच म्हणून खपवलं.

शेवटच्या दिवशी, मी खिळे उपटत असताना,
पाच आठवडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर राखणीला बसून
शाल विणणारी वाईके
सुया न थांबवता म्हणाली,
'अगं, अंगठा आहे तो. तुझा.'

कसं कळलं?
'बोटं गारठली की टाका सुटतो, मला माहितीये.
आपल्याला वाटतं, हललं. हललेलं नसतं.'

मी जवळ गेले, श्वास कागदाला लागेल इतकी.
नख नाही, रेषा नाही.
फक्त एक वळण,
रोज चहाच्या कपावर असतं ते.

अकरा वर्षं मी स्वतःला चौकटीबाहेर ठेवलं.
सावली आड आली तर ऊन फिरेस्तो थांबले,
दुकानाच्या काचेत दिसले तर दोन पावलं सरकले.
माझ्या चित्रांत कुणी नसतं, हे सांगताना
मान जरा ताठच व्हायची.

आणि हा, बधिर,
उठायचं विसरलेला,
दारात अर्धा अडून बसलेला.
शिकलेली बोटं प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात
नेटकी सही करत राहिली;
ज्याला अक्षर येत नाही
तो न विचारता उमटून बसला, सहीच्या आधीच.

चित्र उतरवून भिंतीला टेकवलं.
दारातून वळून पाहिलं, तर पुन्हा सील.

जिथे ते होतं तिथे खिळ्याचं भोक उरलं होतं.
मी त्यावर अंगठा ठेवला,
आणि वाईकेने दिवे मालवेपर्यंत
उचलला नाही.