चालता कोंडा

दिंडोरी नाक्यापाशी माझं औषधांचं दुकान.
माणसांच्या नव्हे, द्राक्षांच्या.
जानेवारीत लोक पानं घेऊन येतात,
रुमालात, काडेपेटीत, कुणी मोबाइलच्या कव्हरात,
म्हणतात, ताई, बघा बरं, लाल कोळी आहे का.
दोरीला बांधलेलं भिंग मी पानाला लावते.
मागच्या बाजूला, शिरेजवळ,
खसखशीहून बारीक काहीतरी हलतं.
मग मागे न बघता हात वर करते
आणि नेमकी तीच बाटली काढते.
एकवीस वर्षं. हात चुकला नाही.

रव्याच्या पाठीवर कोंडा दिसला
संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात.
रवा म्हणजे आमचा ससा. नाव नीरजानं ठेवलं,
अजून भाजलेला नाही म्हणून पांढरा, म्हणाली.
मला वाटलं, थंडी आहे, कातडी कोरडी पडली असेल,
माझ्या टाचा नाहीत का फुटल्या.
खोबरेल लावू का, मी म्हटलं.
तिनं शाळेचा काळा कार्डपेपर आणला,
रव्याची पाठ ब्रशनं त्यावर झटकली
आणि कागद दिव्याखाली धरला.

कोंडा चालत होता.
एक कण डावीकडे, दोन उजवीकडे,
बाकीचे जागच्या जागी, कोंड्यासारखे.

माझा हात सवयीनं वर गेला.
घरात फळी नाही, तरी गेला.

खालच्या मजल्यावरच्या चांदवडकरांनी
त्यांच्या कुत्र्याचं उरलेलं औषध आणून दिलं.
दोन थेंब मानेवर टाका, आमचा बघा कसा टुणटुणीत.
रात्री भिंगाखाली मी बाटली वाचली.
आतलं विष ओळखीचं निघालं,
वाळवीसाठी मीच विकते.
सकाळी सरकारी दवाखान्यात गायधनी डॉक्टरांना दाखवली,
तर ते खुर्चीतून उठलेच.
टाकलं नाही ना? टाकलं नाही ना?
कुत्र्याला चालतं हे. ससा झटके येऊन जातो.

मग विचारलं, वजन किती?
एकराला किती, ते मला झोपेतही पाठ.
सशाला किती, हे मला ठाऊक नव्हतं.
त्यांच्याकडचा काटा म्हशींचा,
त्यावर रवा शून्य भरला.
दुकानात येऊन गंधकाचा काटा तीनदा पुसला,
वर नीरजाचा स्वेटर अंथरला,
स्वेटर वजा जाता
एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम.
त्यातले पुष्कळसे कान.

त्यांनी दिलेलं औषध वेगळं, आणि इतकंसं
की ते सांडेल म्हणून मी श्वास धरला.
मानेच्या मागे, केस फाकवून,
जिथे त्याची स्वतःची जीभ पोचत नाही.
बोटाखाली काळीज इतकं धावत होतं
की मलाच दम लागला.

पंधरा दिवसांनी पुन्हा. पुन्हा पंधरा दिवसांनी.
मधल्या काळात घर उलटंपालटं.
पिंजऱ्यातलं तरटाचं पोतं जाळलं,
पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन गच्चीत वाळवला,
गवत चार दिवस उन्हात.
मुंग्या येतात म्हणून पिंजऱ्याचे चार पाय
पाण्याच्या चार वाट्यांत, आईच्या दुधाच्या कपाटासारखे.
झुरळांचा खडू गेला, डांबराच्या गोळ्या गेल्या,
डासांची अगरबत्तीही. मच्छरदाणीत
आम्ही दोघी आणि पिंजरा.
माझ्या मनगटावरही लाल पुरळ आलं होतं,
डॉक्टर म्हणाले, तुमच्यावर ते टिकायचे नाहीत.
मी जरा दुखावलेच.

आता दुकानातून आले की कपडे मागच्या दारात काढते,
हातपाय धुते, मगच त्याला घेते.
तरी तो आधी माझी बोटं हुंगतो,
बराच वेळ, फार संशयानं.
बरोबर आहे त्याचं.

काल एकजण आला. घरात पिसवा झाल्यात,
सगळ्यात जहाल काय आहे ते द्या.
हात वर गेला, आणि तिथेच राहिला.
घरात कोण कोण आहे, मी विचारलं.
तो म्हणाला, औषध मागतोय ताई, सोयरीक नाही.
आम्ही दोघंही हसलो. तरी मी वाट बघितली.

रात्री नीरजानं काळा कागद काढला,
तिसऱ्यांदा.
दोन डोकी, एक भिंग,
वरून रव्याचा एक कान.
बराच वेळ बघितलं. काहीच चालेना.
तिनं हलकेच फुंकर मारली
आणि कोंडा उडाला.