अंगठ्याएवढा माणूस

सेलूला, जिनिंगच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत
पहिला शिपाई रंगवायला घेतला.
अंगठ्याएवढा. औषधाच्या बुचावर चिकटवलेला.

ट्यूबमधला तपकिरी पिळला खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
जास्तीचं तेल पुठ्ठ्याला पिऊ दिलं.
मग टर्पेंटाइनचे दोन थेंब
आणि अख्खा माणूस मळवून टाकला
टोपीपासून बुटापर्यंत.

"नासवलंस की रं!" मुजीबमामू दारातून.

मी कान कोरायची कापूसकाडी घेतली
अन् पुसत गेलो
कपाळ, नाक, गुडघे.
पुसलं तिथं ऊन आलं,
राहिलं तिथं वय.

तीन दिवस हात लावायचा नाही म्हणे.
आणि हे मला,
ज्याला चहासुद्धा बशीत ओतून लागतो.

वर वाटी पालथी घालायची तेवढी विसरलो.
सकाळी बघतो तर
जिनिंगमधून उडालेला कापसाचा एक तंतू
त्याच्या ओल्या हनुवटीवर येऊन बसलेला,
पांढरा.

चिमटा उचलला.
ठेवला.

"कामून काढंना रे?"
म्हटलं, राहू द्या मामू,
रात्रभर जागा होता तो.