उसनं विरजण

दोन दिवस रस्ता बर्फाखाली.
खाद्याचा ट्रक पिक्चर ब्यूटच्या फाट्यावर रुतलेला,
आणि कुंपणाआड अठराशे जनावरं
रिकाम्या गव्हाणीचं लोखंड चाटत उभी.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला.
भरडलेली बार्ली, पिवळीधमक, धुरळा उडवत.
कुणी हात आखडला नाही.
भुकेल्याला कमी वाढू नये, एवढंच माणसाला कळतं.

पोटाचं गणित वेगळं.
आत एक जुनी वस्ती असते:
मिट्ट काळोख, एकोणचाळीस अंश ऊब,
हवेचं नाव नाही,
थेंबाथेंबात अब्जावधी बिऱ्हाडं.
काडी काडी उसवत बसणारी,
घाई ठाऊक नसलेली,
गवतावर पिढ्या काढलेली घराणी.
आणि एका कोपऱ्यात
माळेमाळेनं वाढणारा एक पिठाचा लोभी,
ज्याला एरवी कुणी विचारत नसे.

त्या रात्री त्याचं फावलं.
वीस मिनिटांत एकाचे दोन,
तासाभरात आठ,
मग मोजण्यात अर्थ उरला नाही.
तो खात गेला, आम्ल ओकत गेला,
जुनी घराणी जागच्या जागी विरघळली.
पुढे त्या आम्लात त्याचाही निभाव लागेना.
पण हे त्याला आधी कोण सांगणार?

पहाटे एल्डन पेनर घोड्यावरून फेरीला निघाला
तेव्हा चारशे सात नंबर कुंपणाला टेकून होता.
डावी कूस फुगलेली, खूर तापलेले,
जबडा स्थिर.
शेण राखाडी, पातळ, आंबूस,
त्यात अख्खे दाणे.

ओरिसिया आली. उणे सत्तावीस.
तिनं टोपी वर सारून कुशीला कान लावला.
जिथं मिनिटाला एकदा तरी
लांबून गाडा गेल्यासारखं वाजायला हवं
तिथं काहीच नाही.
नळी घातली, बादल्या भरभरून उपसलं,
कोमट पाण्यानं धुतलं, खाऱ्याची पूड दिली.
"आपण जनावराला चारतो असं तुला वाटतं," ती म्हणाली,
"आपण चारतो भाडेकरूंना. ते जगले तर मालक जगतो."
एल्डन तिच्या पिशवीकडे बघत होता,
आता कुठली बाटली निघते म्हणून.
ती म्हणाली, "तुझी ती म्हातारी गाय कुठंय?"

गर्टी. दाव्याला एकटी,
सोळा वर्षं नुसतं वाळलं गवत,
दाण्याची चव माहीत नाही.
तिच्या पोटातून नळीनं ओढलेलं
हिरवट, फेसाळ, कुबट वासाचं पाणी
फडक्यातून गाळून
एल्डनच्याच जेवणाच्या फ्लास्कमध्ये.
"काठोकाठ भर. वर हवा राहिली तर मरतील."

कोठारापासून कुंपणापर्यंत दोनशे पावलं.
जाकिटाची चेन उघडून
त्यानं फ्लास्क सदऱ्याच्या आत धरला.
एका पोटातून दुसऱ्या पोटाकडे
तिसऱ्या पोटाच्या उबेनं.
आपल्याकडे शेजारणीकडून वाटीच्या तळाशी
चमचाभर आणतात ना, पदराखाली झाकून,
उद्याचं दही त्यात असतं म्हणून,
तसंच चालला होता तो, जपून, न सांडता.
त्याच्या भाषेत याला नेमका शब्द नव्हता.
ओरिसियानं विचारलं, "आणलंस?"
तो म्हणाला, "सूप आणलंय."

चौथ्या दिवशी दुपारी
चारशे सातनं मान ताणली,
घशाखालून एक गोळा वर सरकला
आणि जबडा फिरू लागला, आडवा, आळसावून.
एल्डननं वहीत लिहिलं: रवंथ, दोन वाजून दहा.
त्याखाली आधीपासून एक तारीख होती,
एकशे बारा दिवसांनंतरची,
ब्रूक्सच्या कत्तलखान्याची.
ती त्यानं खोडली नाही. खोडत नसतात.

फ्लास्क मात्र तीनदा उकळत्या पाण्यानं धुतला.
तरी सोमवारी,
लोर्नानं भरून दिलेल्या कोबीच्या सूपला
गवताचा पुसट वास.
संध्याकाळी तिनं विचारलं, कसं झालं होतं?
छान, म्हणाला.
बाकीचं पोटात ठेवलं.