निरंक

आमच्या खात्यात 'नाही' म्हणत नाहीत.
'नाही' म्हटलं की माणूस भांडतो,
सभापतीला फोन लावतो.
आम्ही लिहितो : निरंक.
लोहाच्या गोळ्या, निरंक.
तापाचं सिरप, निरंक.
शब्द इतका गुळगुळीत
की कोणाच्याच घशात अडकत नाही.

बावीस वर्षं मी तो निळ्या शाईनं लिहितो आहे,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सावळखुटी,
खिडकी क्रमांक दोन.

यंदा एकतीस मार्चला दुपारी चारला निधी आला.
रात्री बाराच्या आत खर्च, नाहीतर परत.
मी यादी काढली :
सलाईन, सर्पदंशाची लस, कुत्र्याची लस...
बाबू म्हणाला, "काहून डोकं खाता, देवतळे भाऊ,
हे लेखाशीर्ष पडद्याचं हाय.
औषधाच्या शीर्षाले कात्री लागली."
म्हणून आता प्रसूतीच्या खोलीला
मोरपंखी पडदे आहेत.
बाहेर पळस असा पेटलेला
की ते कोणी ओढतच नाही.

लेक यवतमाळला. बी.एस्सी. दुसरं वर्ष.
शिष्यवृत्ती पोर्टलवर 'प्रक्रियेत' आहे,
ती पहिल्या वर्षाची.
तिचे सर तासिका तत्त्वावर,
सकाळी रसायनशास्त्र, दुपारून जिनिंगवर गाठींचा हिशेब.
दिवाळीचं मानधन त्यांना संक्रांतीला मिळतं, मिळालं तर.
ब्युरेट एक, पोरं चाळीस,
आणि फिनॉल्फ्थॅलीनची बाटली जूनपासून कोरडी.
सर म्हणतात, "समजा, गुलाबी झालं."
पोरं समजतात.
दहा पूर्णांक दोन. दहा पूर्णांक एक. दहा पूर्णांक दोन.
जर्नलवर सही होते.

"बाबा, मी तो रंग अजून पाह्यलाच नाही,"
फोनवर ती हसून म्हणाली.
मला हसू आलं नाही.

कारण माझंही एक 'समजा' आहे.
फ्रिजच्या तळाशी, पोलिओच्या डब्याखाली
दहा कुप्या, विषावरच्या.
गेल्या भादव्यात वापरल्या असं दाखवून ठेवलेल्या.
ऑडिटवाला चष्मा काढून म्हणेल, हा गुन्हा आहे.
आहेच.

परवा पहाटे साडेचारला
ट्रॅक्टरवर आणलं जंगू कुळसंगेच्या पोराला.
मोहफुलं वेचायला गेला होता,
पापण्या मिटत चाललेल्या, मुठीत अजून फुलं.
डॉक्टरची जागा रिक्त, भरतीला स्थगिती.
गाडी आहे, पंपावर उधारी बंद.
कंत्राटी सिस्टर ओरडली, "स्टॉक किती?"
आणि माझ्या तोंडून निघालं,
सवयीनं, खरंच सवयीनं,
"निरंक."

ती माझ्याकडे पाहत राहिली.
मग मी फ्रिज उघडला.
ऐन वेळी यवतमाळचे डॉक्टर फोनवर होते, स्पीकर लावून,
सलाईनचा थेंब-थेंब मोजत.

पोरगा आता बरा आहे.
आईनं टोपलीभर मोह आणून दिला.
पण हे लिहू कुठं?
जे कागदावर नव्हतंच, ते संपलं.
त्याला रकाना नाही.

रविवारी लेक आली होती.
मी बशीत हळद घेतली, वर पानाचा चुना,
झालं लालभडक.
ती म्हणाली, "हे तर आजीलेही माहीत होतं, बाबा.
मले ते दुसरं पाह्यचं हाय.
एका थेंबानं होते म्हणतात.
आधी काहीच नसते, अन् मग होते."

आज मागणीपत्र लिहितो आहे.
चाळीस मागितल्या तर दहा येतील, पावसाळ्यानंतर.
त्यातल्या किती नाहीत असं दाखवायचं
ते अजून ठरलं नाही.
तिकडं तीही लिहीत असेल, दहा पूर्णांक दोन.

गावातले म्हणतात,
बापलेकीचं अक्षर अगदी एकसारखं आहे.