अर्धा सूर खाली

लॉन बोलिंग क्लबच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
म्हणून शनिवारी मी सगळ्यांच्या आधी येतो,
हीटर लावतो, साठ खुर्च्या मांडतो.
माणसं चाळीसच येतात. उरलेल्या वीस
कोट ठेवायला लागतात.

इन्व्हरकार्गिलच्याही खाली आहोत आम्ही.
इथून पुढे समुद्र, मग बर्फ, मध्ये कुणाचं घर नाही.
खिडकीची फट मी दर हिवाळ्यात बुजवतो
आणि वारा दर हिवाळ्यात मला वेड्यात काढतो.

सहाला व्हॅन लागते.
लॅक्लन ड्रम उतरवतो, पाठ धरून, शिव्या देत.
मागून रांगी, त्याची बास गिटार. डाव्या हाताची दोन पेरं
मांसाच्या कारखान्यात करवतीने नेली.
कारखाना पुढे बंद पडला, पेरं काही परत आली नाहीत.
तेव्हापासून तो मधले काही सूर वगळून वाजवतो,
म्हणतो, तसेही ते आगाऊच होते.
फर्गस गिटारवर. इसोबेल गाते.
त्यांच्या घटस्फोटाला अकरा वर्षं झाली,
द्वंद्वगीत तेवढं वाटणीत निघालं नाही.

यांचं स्वतःचं असं एकही गाणं नाही.
सगळी उसनी, रेडिओवरून उचललेली.
ज्यांनी ती केली
त्यांना आमचं गाव नकाशातही सापडायचं नाही.
पण नायरीचं लग्न त्याच गाण्यांवर लागलं,
लॅक्लनच्या भावाला आम्ही त्यांच्याच सोबतीने पुरलं.
इतकं वापरल्यावर उसनं भांडं
कुणी परत मागत नाही.

एक आतली गोष्ट सांगतो.
दर दोन-तीन वर्षांनी फर्गस पट्टी
अर्धा सूर खाली आणतो.
इसोबेलला सांगत नाही. तिला कळतं. तीही बोलत नाही.
काळी पाचवरून पांढरी सहा, सहावरून काळी चार,
जशी म्हातारपणी
स्वयंपाकघरातली फळी कुणी न विचारता
वीतभर खाली ठोकून द्यावी.
ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही,
आम्हीही तेवढेच खाली आलेलो असतो.

त्या शनिवारी मटणाच्या सोडतीची तिकिटं खपली होती,
दोन मांड्या आणि सॉसेजचा एक ट्रे,
दुसरं गाणं निम्म्यात,
आणि वीज गेली.
अँप मुका झाला. गिटार पत्र्यावर नख घासावं तशी.
लॅक्लन एकटाच दोन ठोके पुढे गेला, मग लाजून थांबला.

अंधारात इसोबेलने नुसतीच सुरुवात केली.
ते सावकाश गाणं, ज्याला सगळे उठतात.
धरायला गिटार नव्हती, म्हणून गळ्याने
आपली जुनी पट्टी धरली,
एकविसाव्या वर्षाची.
"वर आहे, इझी," फर्गस हळूच म्हणाला.
तिने ऐकलं. ती गातच राहिली.

आम्ही नाचलो, एकमेकांच्या पायांवर.
कोण कुणाबरोबर, ते विचारू नका.
मग ती ओळ आली, तिसऱ्या कडव्यातली, चढती.
सगळ्या हॉलला पाठ आहे ती.
इसोबेल चढली, चढली,
शेवटच्या पायरीखाली थांबली.
ती जागा तिने सोडली.
चाळीस गळे होते.
कुणीही घेतली नाही.
गार होणारा हीटर टिकटिकत होता, तेवढंच.
पुढच्या शब्दावर मात्र आम्ही सगळे
धाडदिशी एकदम उतरलो.

वीज आली. जो तो आपापले डोळे चोळत होता,
त्यामुळे कुणाचे कशाने ओले ते कळलं नाही.
सोडतीत रांगीला एक मांडी लागली.
"करवतीकडून व्याज," तो म्हणाला.

अकराला मी खुर्च्या एकात एक रचल्या.
एक मफलर राहिला होता, तो खुंटीला लावला.
दिवे घालवले. दार ओढायच्या आधी,
कुणी नाही असं पाहून,
ती जागा घेऊन बघितली.
नाही लागली.
पुन्हा बघितली.
खिडकीशी वारा काहीतरी लावत होता,
तोही थोडा कमीच.
ही फट एकदा नीट बुजवायला हवी.