हातचा

रुवीच्या थांब्यावर मी बॅग डाव्या हाताने ओढते.
उजवा रजेवर आहे.
रजा मंजूर फक्त बसपुरती,
रात्रीचे बारा तास, सलालापर्यंत.

तिथे सकाळी नऊला पुन्हा बंदूक.
घाबरू नका, बारकोडची.
चाप ओढला की टिट्.
शाम्पू टिट्, तांदूळ टिट्, डबाबंद मासे टिट् टिट् टिट्,
निझवा, इब्री, सूर, सोहार,
ज्या गावात दुकान त्या गावात मी,
आणि माझं एक बोट
दिवसाला चार हजार वेळा एवढंसं वाकतं.
एवढंसंच.
सहा वर्षं.

एक्स-रेत काही आलं नाही.
डॉक्टर कुरियन फोटो उजेडाला धरून म्हणाले, हाड सुरेख आहे,
जणू हाडाला स्थळ बघायला आलेत.
मग म्हणाले, तेच तेच करणं थांबवा.
मी म्हटलं, बरं.
साडेसहा रियालचा पट्टा घेतला आणि पुढच्या गावाला गेले.

प्रवासाचं आता कळतं थोडंफार.
उजव्या खिडकीशी बसायचं नाही,
काचेला कोपर टेकलं की हजार किलोमीटरची थरथर
सरळ मनगटात उतरते.
एसीचा झोत आपल्यावर, जाळी फिरवायला बोटं नाहीत,
म्हणून जुन्या मोज्याचा पंजा कापून हातात घालायचा.
चहा घ्यायचा तो प्यायला नाही,
कागदी कप मनगटाखाली ठेवायला. निवला की प्यायचा.
दर तासाला मूठ उघडायची, मिटायची,
लाजाळूला कुणी हात लावल्यासारखी, सावकाश.
धाकट्या भावाला लिहायचं नाही, बोलून पाठवायचं.
तो विचारतो, हल्ली तू लिहीत का नाहीस, रागावलीस?
मी बोलून पाठवते, नाही रे.

हैमाला बस थांबली. पंप, मशीद, ट्रक, आणि चहूकडे काहीच नाही.
पाण्याची बाटली घेतली. झाकण फिरेना.
बाकावर शेजारी मन्नानभाई, सिल्हेटचे शिंपी,
म्हणाले, इकडे द्या.
त्यांनाही फिरेना.
अंगठा दाखवला मला: मुळाशी सुपारीएवढी गाठ.
कात्री, म्हणाले. एकोणीस वर्षं.
मी पट्टा दाखवला.
आम्ही एकमेकांचे हात असे पाहिले
जसे बाजारात कापड बघतात, उलटून, उजेडात.

तेवढ्यात एक पोरगा आला, सात-आठ वर्षांचा,
शुभ्र दिशदाशा, दात पडलेला.
बाटली ओढून घेतली, खट्, उघडली.
मग हे एवढे मोठे लोक शिकावेत म्हणून
पुन्हा लावून दाखवली,
दातओठ खाऊन घट्ट,
परत दिली आणि बसकडे पळाला.

आम्ही हसलो ते ड्रायव्हरने हॉर्न देईपर्यंत.

थुमरैतच्या अलीकडे केव्हातरी, बसमध्ये सगळे झोपलेले,
मन्नानभाईंनी बाटली दोन्ही तळव्यांत दाबून धरली,
बोटांचं काम नाही,
मी डाव्या तळव्याने झाकण रेटलं.
निम्मं पाणी माझ्या पट्ट्यावर, थोडं त्यांच्या लुंगीच्या पिशवीवर.
उरलेलं आम्ही प्यायलो.

शाळेत घैसासबाई सांगायच्या,
आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक,
आणि हातचा विसरू नये म्हणून
एक बोट मिटून ठेवा.

बाहेर घाट लागला होता, काचेवर धुकं.
मी ओला पट्टा सोडला, तो चर्र करून बोलला,
पुढच्या सीटवरचं कुणीतरी कूस बदललं.
तेच बोट मिटून बघितलं.
अर्धंच मिटलं.
तसंच धरून बसले, उजाडेपर्यंत.