डाव्या बाजूचा पत्रा

खांब सोसायटीच्या गेटचा.
एकोणीस वर्षं तिथंच उभा आहे,
पण हेमलता म्हणाली, मध्ये आला.
मी म्हणालो, येतात. खांब असे येतात मध्ये.
वॉचमनला मात्र सांगितलं, माझ्याच हातून ठोकली.

वडाळा नाक्याला इद्रिसभाईंनी वाकून
बोटाच्या पेरानं नुसतं टकटक केलं,
कलिंगड पाहावं तसं.
"ठोकून नाही निघणार, काका. घडी पडलीय.
घडी पडली की पत्रा ऐकत नाही कुणाचं."

मला सांगत होता!
सत्तावीस वर्षं सातपूरला प्रेसवर होतो.
दर अकरा सेकंदांना एक फेंडर:
सपाट शीट आत, धप्प,
बाहेर येताना तिला गाल आलेला असायचा.
पण बोललो नाही.
दुसऱ्याच्या शेडमध्ये आपण गिऱ्हाईक.

जुनेदनं बंपर सोडवला, मग हेडलाइट,
वायरी तशाच लोंबत्या ठेवून
दहाच्या पान्यानं एकेक बोल्ट.
बॉनेटखालचे निमूट आले.
एक बिजागरीपाशी, दार उघडल्याशिवाय दिसतच नाही.
अगदी खालचा गंजलेला.
त्याच्यावर तेल मारलं
आणि त्याचं मन वळेपर्यंत आम्ही चहा घेतला.

ग्लास धरताना इद्रिसभाईंची नजर
माझ्या डाव्या हाताकडे गेली,
जिथं करंगळी आणि तिच्या शेजारचं असायला हवं.
दोनदा गेली, दोन्ही वेळा परत आली.
विचारलं नाही काही.
मशीनजवळ वाढलेली माणसं विचारत नाहीत,
मोजतात फक्त.

फेंडर निघाला.
आत सगळं आमचंच:
पिंपळगावच्या रस्त्याची काळी माती,
द्राक्षाचं एक वाळकं पान,
उंदरानं कुठून तरी आणलेला हिरवा लोकरीचा धागा.
आणि आतल्या हाडावर गाडीचा मूळ रंग,
बारा वर्षांत ऊन न पाहिलेला.

नवा काळा होता, प्रायमरमधला.
उलटा करून मी आतल्या कडेवर शिक्का शोधला.
उगाच.
आमच्या शेडमध्ये आता टाइल्सचं गोडाऊन आहे.

रंगाआधी त्यानं तो तसाच बसवून पाहिला.
तेव्हा मला माणूस आवडला.
दार आणि फेंडरमधली फट
वर सुतासारखी, खाली मात्र फाकलेली.
"खाली तर बोट जाईल," तो म्हणाला.
"कुणाचं?" मी विचारलं.
आधी दचकला. मग आम्ही दोघं हसलो.
जुनेद हसला नाही, पान्याकडे बघत राहिला.

पुन्हा सैल केलं. लाकडाचा ठोकळा,
तळहाताचे दोन धक्के, पुन्हा आवळलं.
मी डोळे मिटून उजवं बोट
फटीवरून वरून खाली नेलं.
कुठं अडलं नाही.

जुना गेला काट्यावर: पावणेतीन किलो.
कंपनीनं माझं वजन केलं नव्हतं,
नुसता तक्ता काढून रक्कम सांगितली होती.

"रंग अगदी तोच नाही येणार, काका.
बारा वर्षांचं ऊन मी डब्यात कुठून आणू?
दारावर थोडा ओढून देतो, लांबून कळणार नाही."
आणि जवळून?
"जवळून कोण बघतंय!"

चौथ्या दिवशी हेमलता आली.
थिनरच्या वासानं पदर नाकाला लावून
गाडीपाशी खाली बसली, गुडघे वाजले तिचे.
"इथून नवं आहे," म्हणाली,
बरोब्बर तिथंच नख ठेवून.
इद्रिसभाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी आकाशाकडे.

किल्ली तिच्याच हातात दिली.
इंदिरानगरपर्यंत सेकंडमध्ये.
मागचे हॉर्न मागेच राहिले.
गेटपाशी तिनं गाडी थांबवली,
खांबाकडे नीट पाहून घेतलं.
खांबानं काही केलं नाही.
मग वीतभर अंतर ठेवून आत.

वॉचमन उठून उभा राहिला,
तिच्याकडे न बघता मला म्हणाला,
"साहेब, आता जरा जपून हं."

मी खिडकीतून डावा हात वर केला.